केल्विन पास्कोचा राउंड

पोर्ट कार्नमध्ये माणसाने बायको सोडली तर लोक पंधरा दिवस बोलतात, आणि चर्चला जायचं सोडलं तर कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. पण बोल्स क्लबच्या टेबलावर ज्याने आपला राउंड चुकवला, त्याने सरळ सामान बांधावं आणि ॲडलेडला राहायला जावं. तिथे कुणी कुणाला ओळखत नाही. इथे तीन मित्र बसले की पहिला तिघांची बीअर आणतो, मग दुसरा तिघांची आणतो, मग तिसरा. याची नोंद कुणी ठेवत नाही आणि विसरतही कुणी नाही.

केल्विन पास्कोने आयुष्यात एकही राउंड चुकवला नव्हता. पोस्टाच्या काउंटरमागे उमेदीची सगळी वर्षं काढलेला माणूस. लोकांच्या पार्सलांचं वजन करताना त्याने कधी काट्याला बोट लावलं नाही की कुणाच्या पोस्टकार्डावरची दुसरी ओळ वाचली नाही. पहिली ओळ आपोआप वाचली जाते, त्याला इलाज नाही. असा हा सरळ मनुष्य निवृत्तीनंतर दर शुक्रवारी पांढरे कपडे घालून क्लबच्या हिरवळीवर गोळे सरपटवायचा आणि मग लॉइड हॅनाफर्ड आणि आयव्हर ट्रेम्बाथ यांच्याबरोबर टेबलावर बसायचा.

त्या शुक्रवारी लॉइडचा राउंड झाला, आयव्हरचा झाला, आणि ग्लास तळाला लागत असतानाच केल्विनला उठावं लागलं. डॉक्टरांनी त्याला नुकत्याच प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. या वयात मुतारीची वाट कितीदा धरावी लागते, आणि तिथे पोचल्यावर नुसतंच भिंतीकडे बघत किती वेळ उभं राहावं लागतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. केल्विनने भिंतीवरची आग लागल्यास पाळावयाची सूचना पुन्हा पुन्हा वाचून पाठ केली. परत येऊन बघतो तर टेबल रिकामं. केल्विनच्या वाटचा राउंड लॉइडने स्वतः आणला होता, दोघांनी तो पिऊन संपवला होता, आणि तो आपण का आणला हेही लॉइडने सगळ्या क्लबला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं होतं. लॉइड हा क्लबचा अध्यक्ष. त्याची हयात मेंढरं राखण्यात गेल्यामुळे त्याच्या आवाजाला शेताच्या दुसऱ्या टोकाला पोचायची सवय होती.

पुढच्या शुक्रवारी केल्विन आत शिरला तशी टेबलं गप्प झाली.

"या, या!" लॉइड म्हणाला. "अरे कुणीतरी मागचं दार लावून घ्या रे. पास्कोचा नंबर आला की तो वाऱ्यावर विरून जातो."

सगळे हसले. "जाऊ दे रे लॉइड," आयव्हर हळूच म्हणाला, "विसरला असेल बिचारा. होतं असं वयानुसार." लॉइडचा टोमणा केल्विनने गिळला असता, पण आयव्हरचं ते 'बिचारा' त्याच्या जिव्हारी लागलं.

आता कुणीही शहाणा माणूस 'अरे, मी मुतारीत होतो' एवढं बोलून मोकळा झाला असता. पण समोरच बायकांची कमिटी सँडविच मांडत होती. त्यांच्यासमोर आपल्या प्रोस्टेटचं प्रदर्शन मांडण्यापेक्षा केल्विनने फासावर जाणं पत्करलं असतं. तो ताठ उभा राहिला, आणि त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते इतरांबरोबर त्यानेही पहिल्यांदाच ऐकलं.

"नाताळच्या आधीच्या रविवारी माझ्या अंगणात या. अख्ख्या क्लबला बीअर पाजतो! आणि बारमधून उचलून आणलेली नव्हे. ती कुणीही आणतं. मी माझ्या हाताने केलेली पाजीन!"

ज्या हाताने केलेली पाजणार होता, त्या हाताने तोवर धड अंडंही उकडलेलं नव्हतं.

"त्यापेक्षा उद्या जा, तिघांची बीअर घे आणि मोकळा हो," त्याची बायको नोरीन म्हणाली.

"आता घेतली तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल."

"मग खरं काय ते सांग."

"कुणाला? लॉइडला? माझी प्रोस्टेट ही खाजगी बाब आहे."

"केल्व्ह, ती या गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याची बाब आहे."

पण केल्विन हट्टाला पेटला होता. मुळात त्याचा राग लॉइडपुरता राहिलाच नव्हता. पोर्ट कार्नच्या तिन्ही अंगांना बार्लीची शेतं आहेत आणि चौथ्या अंगाला समुद्र. इथली बार्ली जहाजात बसून जगभर जाते, तिची बीअर होते, आणि मग शहरातल्या कंपन्या तीच आपल्याला बाटलीत घालून परत विकतात. हा अन्याय इतकी वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर होता आणि तो त्याला आत्ताच दिसला. स्वतःचा मान दुखावल्यावर माणसाला जगातले बाकीचे अन्यायही स्पष्ट दिसू लागतात.

हार्डवेअरच्या दुकानातून तो एक प्लॅस्टिकचा पिंप, बार्लीच्या घट्ट अर्काचे डबे, यीस्टच्या पुड्या आणि बाटलीवर पत्र्याचं बूच ठोकायचं एक हातयंत्र घेऊन आला. कृती तशी सोपी होती. अर्क गरम पाण्यात कालवायचा, साखर घालायची, निवलं की यीस्ट टाकायचं आणि झाकण लावून गप्प बसायचं. यातली शेवटची पायरी गावाने पार पाडू दिली नाही.

पहिला आला शेजारचा स्टाव्रोस. हा जुना कोळी, अंगणातल्या मांडवावरच्या द्राक्षांची वाइन करायचा आणि ती प्यायला कुणी मिळत नाही म्हणून जगावर रुसलेला असायचा. यीस्टची पुडी बघून त्याने कपाळावर हात मारला.

"पुडीतलं यीस्ट? अरे गाढवा, यीस्ट हवेत असतं! झाकण काढून ठेव, येईल आपलं आपण."

"हवेतून माश्या येतात, स्टाव्रोस."

"त्यापण येऊ देत. चव कशाने येते असं वाटतं तुला?"

मग समोरची ग्लेनिस रोवेट आली. ग्लेनिसला रस्त्यावर होणारी प्रत्येक गोष्ट दिसायची आणि ज्या होत नसत त्याही दिसायच्या. ती म्हणाली, "माझ्या पहिल्या नवऱ्याने करून बघितली होती बीअर. शेडचं छप्पर उडालं."

"चूक काय झाली होती?" केल्विनने काळजीने विचारलं.

"ते त्याने कधी सांगितलं नाही. तो विषयच काढू द्यायचा नाही. पण साखर म्हणशील तर बाटलीत घालायची हं. बाटली भरताना एकेकीत एकेक चमचा. पिंपात नाही."

हार्डवेअरवाला मात्र शपथेवर सांगत होता की बाटलीत फेस धरावा म्हणून घालायची ती शेवटची साखर पिंपातच ढवळायची, बाटल्यांत चमचे मोजत बसणं हे अडाण्याचं काम. पोस्टमनचं म्हणणं मध घाला. पाद्रीबाबा, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, ते म्हणाले की त्यांच्या आजोळी बटाटे घालत. केल्विन सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि शेवटचा जो बोलला असेल त्याचं त्याला पटायचं.

पुढचा प्रश्न बाटल्यांचा. जाड काचेच्या मोठ्या बाटल्या हव्यात असं हार्डवेअरवाल्याने बजावलं होतं. आमच्या राज्यात रिकामी बाटली परत केली की नाणं मिळतं, त्यामुळे गावातल्या बहुतेक बाटल्या भंगार केंद्रात डोंगर करून पडलेल्या. केल्विन तिथे गेला आणि म्हणाला, "यातल्या थोड्या मला हव्यात. तू देतोस त्याच्या दुप्पट देतो."

केंद्रावरच्या माणसाने मान हलवली. "बाटली आत येते. बाहेर जात नाही."

"अरे पण मी विकत घेतोय."

"आमचं खरेदी केंद्र आहे. विक्रीचं लायसन नाही."

"बरं, मग फुकट दे."

"फुकट दिली तर ती चोरी होते. माझ्याकडून, माझीच."

केल्विन पोस्टात मुरलेला माणूस. नियमासमोर उभं राहिलं की त्याच्या मनात आपोआप आदर दाटून यायचा. काउंटरच्या या बाजूने नियम कसा दिसतो हे मात्र त्याला प्रथमच कळत होतं आणि ते दृश्य काही आदर वाटावा असं नव्हतं.

म्हणून मग कचऱ्याच्या डब्यांच्या संध्याकाळी, लोक बाटल्या-कागदांचे पिवळ्या झाकणाचे डबे रस्त्याच्या कडेला आणून ठेवतात तेव्हा, निवृत्त पोस्ट कर्मचारी श्री. केल्विन पास्को हे हातात पोतं घेऊन एकेका डब्यात कमरेपर्यंत वाकलेले दिसले. अर्थात ग्लेनिसला दिसले. दुसऱ्या दिवशी क्लबात बातमी होती की पास्कोची परिस्थिती अशी आहे, बिचारा राउंड कुठून देणार. आयव्हरने तर नोरीनला बेकरीत गाठून, काही लागलं तर सांगा, असं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. नोरीन घरी येऊन पाव टेबलावर आपटून म्हणाली, "आता तरी थांब!"

"आता? आता तर मागे फिरायची सोयच राहिली नाही," केल्विन म्हणाला आणि बाटल्या घासायला बसला.

डिसेंबर, म्हणजे आमच्याकडचा ऐन उन्हाळा लागला आणि उत्तरेकडचा वारा सुटला. हा वारा वाळवंटातून निघतो आणि वाटेत कुठे थांबत नाही. पारा चाळिशीच्या पलीकडे गेला. पिंपाच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की 'थंड, सावलीच्या जागी' ठेवावे. पोर्ट कार्नमध्ये डिसेंबरात अशी जागा फक्त मासळीवाल्याच्या बर्फाच्या पेटीत होती. केल्विनने पिंप अंगणातल्या सावलीत ठेवला, भोवती ओले टॉवेल गुंडाळले आणि त्यावर बागेच्या नळीची बारीक धार सोडून दिली. दुपारी फाटकावर नगरपालिकेची एक तरुण अधिकारी हजर. पाणीटंचाईचे नियम लागू होते आणि कुणीतरी फोन केला होता. समोरच्या खिडकीचा पडदा हलत होता.

"मिस्टर पास्को, नळी अशी सोडून ठेवता येत नाही," ती म्हणाली. "झाडाला पाणी द्यायचं तर नळी हातात धरून, सकाळी किंवा संध्याकाळी. हे झाड आहे का?"

"हा पिंप आहे."

"पिंपाला पाणी घालायची तरतूद नाही. झाडं आहेत, जनावरं आहेत. गाडी असेल तर बादलीने." तिने टॉवेल जरा बाजूला करून बघितलं. आतून बुडुक असा आवाज आला आणि ती दचकली. "जनावर आहे का हे?"

"जिवंत आहे," केल्विन म्हणाला. "त्याला ताप आलाय. एवढंच मी सांगू शकतो."

ती बिचारी सौजन्याने वागली. दंड केला नाही. पण जाताना नियम पुन्हा वाचून दाखवला. मग केल्विनने आपली लिंबाच्या रोपाची कुंडी उचलली आणि पिंपाच्या शेजारी नेऊन ठेवली. रोज सकाळी आणि संध्याकाळी डोक्यावर रुंद टोपी आणि हातात नळी घेऊन तो लिंबाला पाणी घालत उभा राहू लागला. वारा असा विचित्र होता की सगळी धार पिंपावर जायची. रस्त्याने जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. केल्विन कुणाकडे बघायचा नाही. लॉइडने तर एकदा ट्रक थांबवून विचारलं, "काय रे, पिंपाला कोंब फुटला का?"

"रविवारी फळं खायला ये," केल्विन म्हणाला आणि धार हलू दिली नाही.

पण दुपारचं ऊन काही नियम पाळत नव्हतं. पिंप हाताला गरम लागायला लागला. घरात एसी एकाच खोलीत होता. केल्विन नोरीनसमोर नुसताच उभा राहिला. संसारात काही विनंत्या तोंडाने करायच्या नसतात.

"माझ्या बेडरूममध्ये?" नोरीन म्हणाली.

"फक्त आंबेपर्यंत."

"तो रात्रभर ढेकर देतो, केल्व्ह."

"मीही देतो. तुला सवय आहे."

नोरीनने त्याच्याकडे बघितलं. महिनाभर हा माणूस गावाची चेष्टा अंगावर घेत होता आणि एका शब्दाने वाकला नव्हता. तिला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याहून भयंकर अभिमान वाटत होता. दोन्ही एकदम वाटलं की ती काहीतरी कामाला लागायची. तिने आपलं शिवणाचं मशीन बाहेर काढलं आणि पिंपाला जागा करून दिली.

इकडे क्लबच्या कमिटीत हा विषय रीतसर पटलावर आला. हिरवळीवरची बुरशी आणि छताची गळती यांच्या मध्ये. जे विकत घेतलेलं नाही त्याला राउंड म्हणावं का? लॉइडचं मत पडलं की नाही. राउंड म्हणजे खिशात हात घालणं; पिंपात हात घालणं म्हणजे राउंड नव्हे. बायकांच्या कमिटीने सुचवलं की आधी पिऊन बघावं. शेवटी ठराव झाला की निर्णय प्राशनानंतर जाहीर करण्यात येईल आणि तो अध्यक्ष देतील. केल्विनला तो निरोप फाटकावरच मिळाला.

"त्यांना म्हणावं, ठराव करायला माझ्याच अंगणात या," तो म्हणाला.

बाटल्या भरायचा दिवस उगवला तेव्हा नवराबायको एकमेकांशी बोलत नव्हते. कारण क्षुल्लक होतं. पिंपाच्या ढेकरांनी नोरीनची झोप उडाली होती आणि केल्विनला तेच ढेकर अंगाईसारखे वाटत होते. केल्विनने हार्डवेअरवाल्याच्या शब्दाला मान देऊन शेवटची साखर पाण्यात विरघळवली आणि सगळीच्या सगळी पिंपात ढवळली. तेवढ्यात लॉइड फाटकात आला, अंगणात खुर्च्या किती मावतील ते बघायला, म्हणजे खरं तर नाक खुपसायला. केल्विन त्याच्याशी हुज्जत घालायला बाहेर गेला. आत नोरीनने ओळीने मांडलेल्या रिकाम्या बाटल्या बघितल्या, तिला ग्लेनिसचं बोलणं आठवलं, आणि नवरा विसरतोय असं वाटून तिने प्रत्येक बाटलीत एकेक चमचा साखर घातली. चमचा चांगला शिगोशीग भरून. ती त्याच्याशी बोलत नव्हती, पण त्याची फजिती व्हावी असं तिला मुळीच वाटत नव्हतं. ही गोष्ट दोघांनीही एकमेकांना सांगितली नाही. बाटल्या भरल्या, बुचं ठोकली, आणि सगळा माल धुण्याच्या खोलीत मांडला. त्या खोलीची एक भिंत पश्चिमेच्या उन्हात तापायची.

रविवार उजाडला तो असा की सकाळीच रेडिओवर सांगितलं, आज राज्यभर आगीला पूर्ण बंदी. म्हणजे अंगणात चूल नाही, सॉसेजेस नाहीत. नोरीनने आदल्या दिवशीच मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी भाजून ठेवल्या होत्या म्हणून लाज राखली गेली. दुपारी अख्खा क्लब आला, पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या, हातात आपापल्या घडीच्या खुर्च्या. स्टाव्रोस आपल्या वाइनची कॅन घेऊन आला, वेळ पडली तर असावी म्हणून. ग्लेनिस पहिल्या रांगेत बसली. लॉइड मधोमध, हाताची घडी घालून.

"घसा कोरडा पडलाय, पास्को," तो म्हणाला. "की याही वेळेला कुठे जायचंय?"

केल्विनने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि धुण्याच्या खोलीत धडाड असा आवाज झाला. क्षणभराने दुसरा. मग लागोपाठ दोन.

"छप्पर!" ग्लेनिस ओरडली. "मी म्हटलं नव्हतं?"

पांढऱ्या टोप्या खुर्च्यांसकट मागे सरकल्या. दाराखालून फेसाचा ओहोळ अंगणात येऊ लागला. आयव्हर कुंपणापलीकडे पोचलाही होता. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, हे बघता ते कौतुकास्पद होतं.

"साखर," केल्विन पुटपुटला. "पण मी तर बरोबर मापाने घातली होती पिंपात."

नोरीन पांढरीफटक पडली. "पिंपात?"

"हो. का?"

"मी बाटल्यांत घातली."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आत आणखी एक फुटली.

"थांब तू, माझ्या जिवाची शपथ आहे," नोरीन म्हणाली आणि त्याचा दंड घट्ट धरला. "काच आहे ती! मरू दे तो लॉइड आणि त्याचा राउंड. मला तू हवायस."

महिनाभरात केल्विनला कुणी असं काही म्हटलं नव्हतं. पण त्याने लॉइडकडे बघितलं आणि लॉइडच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरत चाललं होतं ते त्याला सहन होईना. तो शेडमध्ये गेला आणि मुलाचं जुनं क्रिकेटचं हेल्मेट डोक्यावर, पॅड पायांवर, ग्लोव्हज हातांत आणि स्टाव्रोसकडून कधीतरी मागून आणलेला कोळ्याचा जाड रबरी कोट अंगात घालून बाहेर आला. जाळीमागून त्याचे डोळे दिसत होते. त्याने एक ओला टॉवेल उचलला आणि धुण्याच्या खोलीचं दार उघडून आत गेला.

आतलं वर्णन करण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की ज्या बाटल्या फुटल्या नव्हत्या त्या विचार करत होत्या. केल्विन एकेक बाटली टॉवेलात गुंडाळून तान्ह्या मुलासारखी बाहेर आणायचा, अंगणाच्या मधोमध तिचं बूच उडवायचा आणि बीअरचा कारंजा टीव्हीच्या अँटेनापर्यंत जायचा. तळाला जेवढी उरेल तेवढी ग्लासात. नोरीनने आधी डोळे झाकून घेतले, मग पदर खोचावा तसा एप्रन खोचला आणि ग्लास घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. हळूहळू टोप्या जवळ सरकल्या. कुणीतरी भीत भीत पहिला घोट घेतला. पाद्रीबाबांनी तर दुसरा घेतला.

"कडू आहे," स्टाव्रोस म्हणाला. मग जिभेवर घोळवून नाइलाजाने म्हणाला, "पण जित्ती आहे."

प्रत्येकाच्या हातात थोडीथोडी पडली. आत अजून काही बाटल्या उरल्या होत्या तेव्हा, सगळ्यांच्या शेवटी, लॉइडला ग्लास मिळाला. त्याने तो उंच धरून उन्हात बघितला. सगळे गप्प झाले, कारण अध्यक्षांचा निर्णय व्हायचा होता.

"अर्धा ग्लास," लॉइड म्हणाला. "बाकीची छतावर. आमच्यात याला राउंड म्हणत नाहीत, पास्को. माणसाने आपला नंबर आला की खिशात हात घालावा. पळून जायचं आणि मग नाटकं करायची, याला..."

"मी मुतारीत होतो!" केल्विन ओरडला.

हेल्मेटमुळे आवाज घुमला. बायकांची कमिटी पहिल्याच रांगेत होती. त्याने ती बघितली आणि तरीही थांबला नाही. त्याने हेल्मेटची जाळी वर केली. भुवयांवरून फेस ओघळत होता.

"मुतारीत उभा होतो! माझी प्रोस्टेट सुजलीय! गोळ्या चालू आहेत! भिंतीसमोर उभा राहतो आणि काही होत नाही, ऐकायचंय अजून? तू माझा राउंड आणलास तेव्हा मी आग लागल्यास काय करावं ते वाचत होतो! आयुष्यात कुणाचा राउंड बुडवला नाही मी. त्यासाठी महिनाभर कचरा उपसला, लिंबाला पाणी घातलं, बायकोची झोप घालवली. मोजायचा तर मोज, नाहीतर खड्ड्यात जा!"

मग कुंपणापलीकडून आयव्हरचा बारीक आवाज आला.

"सकाळी घेतोस की रात्री?"

"काय?"

"गोळी रे. मी रात्री घेतो. पण मग चार वेळा उठावं लागतं."

"सकाळीच घ्यावी," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. "पोट भरल्यावर." "माझं तर ऑपरेशन झालं," आणखी एकाने सांगितलं, आणि मग पांढऱ्या टोप्यांच्या रांगांमधून अशी काही माहिती बाहेर येऊ लागली की बायकांची कमिटी पेस्टीकडे वळली. लॉइड मात्र काही बोलला नाही. त्याचे कान लाल झाले होते. तो हातातल्या ग्लासाकडे बघत राहिला, आणि अध्यक्ष इतका वेळ गप्प का, हे हळूहळू सगळ्यांच्याच लक्षात आलं.

"तुला कधीपासून, लॉइड?" केल्विनने शांतपणे विचारलं.

"ईस्टरपासून," लॉइड जमिनीकडे बघत म्हणाला. त्या मेंढरं हाकणाऱ्या गळ्यातून एवढा लहान आवाज कुणी ऐकला नव्हता.

त्याने ग्लास तोंडाला लावला आणि तळापर्यंत रिकामा केला. त्याचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, अंगावर शहारा आला. त्याने ग्लास उलटा करून सगळ्यांना दाखवला आणि उठून खिशात हात घातला.

"भयानक आहे," तो म्हणाला. "चला क्लबात. पुढचा राउंड माझा."

पोर्ट कार्नमध्ये या वाक्याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. आधीचा राउंड मोजला गेल्याशिवाय पुढचा कुणी लावत नाही. नोरीनने केल्विनचा ग्लोव्हमधला हात धरला. आयव्हर कुंपणावरून परत यायला निघाला. सगळ्या टोप्या खुर्च्या मिटायला उठल्या.

"बसा खाली!" केल्विन म्हणाला.

सगळे बसले. लॉइडसुद्धा, खिशात हात तसाच ठेवून.

"नंबर लावायची एवढी घाई कशाला? माझा राउंड अजून संपलेला नाही," केल्विन म्हणाला, आणि हेल्मेटची जाळी खाली ओढून धुण्याच्या खोलीकडे निघाला. आत धडाड असा आवाज झाला. तो थांबला नाही.